बडोद्याच्या जुन्या गल्लीत विटांची नवी इमारत: या चुका टाळा

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे फ्लॅटची इमारत बांधताना बहुतेकांचा जीव कमानी-झरोक्यांत अडकतो. इमारत गल्लीत परकी दिसते ती मात्र तळमजल्यामुळे. रस्त्याला लागून नुसते खांब आणि पार्किंगचा अंधार, म्हणजे ओटल्यांची, घरापुढच्या ओट्यांची, ओळ तिथेच तुटते. शिवाय बडोदे भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या पट्ट्यात (2016 च्या संहितेत झोन 3) येते, आणि 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत मोकळ्या तळमजल्याच्या कित्येक इमारती बसल्या. गाड्या मागे न्या, पुढे ओटला आणि दुकान ठेवा. पण भिंती फक्त पुढेच आल्या तर भूकंपात इमारतीला पीळ बसतो; म्हणून काँक्रीटच्या शिअर वॉल, म्हणजे भूकंपाचा आडवा धक्का पेलणाऱ्या भिंती, दोन्ही दिशांना, समतोल हव्यात.

तांबेकर वाड्यासारख्या जुन्या वाड्याची नक्षी उचलू नका. शेजारच्या चार घरांच्या ओटल्याची उंची, खिडकीचा तळ, छज्जाची पातळी आणि घराची रुंदी मोजा. दोन-तीन प्लॉट जोडले असतील तर दर्शनी भिंत त्याच रुंदीच्या भागांत तोडा. सहा फुटी आडवी स्लायडिंग खिडकी सगळं बिघडवते. उंची रुंदीच्या दीडपट तरी हवी.

आता वीट. 75 मिमीची वीट आणि 10 मिमीचा सांधा, म्हणजे एक थर 85 मिमी. खिडकीचा तळ 850 वर घेतला तर बरोबर दहा थर. सवयीने 900 लिहिलं की गवंडी वर 50 मिमीची चीप कोंबतो, आणि ती जन्मभर दिसते. नकाशाआधी आलेल्या मालातल्या 20 विटा ओळीत लावून खरं माप घ्या.

लोणा, म्हणजे विटेवरचा पांढरा थर, फुटतो तो क्षारांमुळे. वीट 25 मिमी पाण्यात उभी करून पाणी सुकू द्या, पुन्हा पाणी घालून सुकवा. पांढरा थर दाटला तर माल परत. चोवीस तास भिजवून वजन 20 टक्क्यांहून जास्त वाढलं तरी परतच. खारं बोअरचं पाणी क्युरिंगला, म्हणजे नवी भिंत ओली ठेवायला, नको. सांध्यांत सिमेंट-वाळू 1:3 चा कडक मालही नको. सिमेंट-चुना-वाळू 1:1:6 चांगला. छज्जाखाली पाणी तोडणारी खाच विसरू नका.

लोणा आलाच तर आधी ओल शोधा, मग कोरड्या ब्रशने झाडा. धुतलं तर क्षार पुन्हा आत जातात. ओल्या भिंतीवर चकचकीत कोटिंग मारलं तर विटेचा पापुद्राच सुटतो.