आयर्लंडमध्ये शांत रस्त्यांचा सायकल-मार्ग कसा आखावा

आयर्लंडच्या खेड्यांत ज्याला ‘बोरीन’ म्हणतात, त्याला मराठीत नेमका शब्द आहे: पाणंद. फरक एवढाच की ही पाणंद बहुधा डांबरी असते. रुंदी जेमतेम एका मोटारीची, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांचं कुंपण नाहीतर कोकणातल्यासारखा दगडी गडगा, आणि मधोमध गवताची रेघ. मोटारीची चाकं रेघेच्या दोन्ही बाजूंनी जातात, मधल्या पट्ट्यावर कुणाचंच चाक पडत नाही, म्हणून तिथे गवत वाढतं. गवत जितकं दाट, तितकी वाहनं कमी. आयरिश भाषेत ‘बो’ म्हणजे गाय, त्यावरून ‘बोहर’ म्हणजे रस्ता, आणि त्याचं लहानसं रूप म्हणजे बोरीन.

असे रस्ते देशभर पसरलेले आहेत, पण पर्यटकांसाठी लावलेल्या पाट्या तुम्हाला तिथे नेत नाहीत. ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा २०१४ साली जाहीर झालेला सुमारे २,५०० किलोमीटरचा किनारी मार्ग मोटारींसाठी आखलेला आहे. त्याच्या निळ्या पाट्यांमागे सायकल घेऊन गेलात, तर उन्हाळाभर टुरिस्ट बसच्या धुरात राहाल. ‘रिंग ऑफ केरी’ या गाजलेल्या गोल पर्यटन-मार्गाचंही तेच. शांत मार्ग स्वतःच जोडावा लागतो.

आधी रस्त्याचा नंबर वाचायला शिका

‘एम’ म्हणजे मोटरवे, तिथे सायकलला बंदी. ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय रस्ता, ताशी १०० किलोमीटरपर्यंत वेग. ‘आर’ म्हणजे प्रादेशिक रस्ता, नंबर तीन आकडी. यातले काही निवांत असतात, काही अरुंद असूनही भरधाव, त्यामुळे एकेक तपासावा लागतो. ‘एल’ म्हणजे स्थानिक रस्ता, आणि आपलं काम याच्याशी. ७ फेब्रुवारी २०२५ पासून गावाबाहेरच्या ‘एल’ रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा ८० वरून ६० झाली आहे. ही मर्यादा गाठणंही बहुतेक बोरीनवर वेडेपणाच, हे स्थानिक चालकाला ठाऊक असतं. भाड्याची गाडी घेऊन आलेल्या पाहुण्याला नसतं.

‘एल’पुढे चार आकडे असतील तर रस्ता सहसा कुठेतरी जाऊन मिळतो. पाच आकडे असतील तर तो बहुतेक चार-दोन घरांपर्यंत जाऊन संपतो. पहिल्यांदा मार्ग आखणारे इथेच फसतात: नकाशावर सगळ्यात बारीक रेघ निवडतात आणि सहा किलोमीटर आत जाऊन एखाद्याच्या अंगणात पोचतात. ‘कल-द-सॅक’ (पुढे रस्ता बंद) अशी पाटी, किंवा निळ्यावर पांढऱ्या ‘टी’ची आडवी रेघ लाल दिसली, की परत फिरा.

नकाशावर उतार मोजा

फोनवरचं अॅप चढाची बेरीज सांगतं, पण तो चढ एका ठिकाणी आहे की पसरलेला, हे त्या बेरजेतून कळत नाही. त्यासाठी १:५०,००० प्रमाणाचा ‘डिस्कव्हरी’ मालिकेतला कागदी नकाशा घ्या. पूर्वी तो ऑर्डनन्स सर्व्हे काढत असे; २०२३ पासून ते काम ‘टल्चे एरन’ या सरकारी संस्थेकडे आहे.

नकाशावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. उंचीच्या दोन रेघांमध्ये १० मीटर उंचीचा फरक. आता आपल्या रस्त्यावर पट्टी ठेवा आणि १ सेंटीमीटरमध्ये रस्ता किती रेघा ओलांडतो ते मोजा. दोन रेघा म्हणजे ४ टक्के चढ, गप्पा मारत चढता येतो. पाच रेघा म्हणजे १० टक्के, सामान लादलेल्या सायकलवर दम निघतो. सात-आठ दिसल्या तर उतरून ढकलण्याची तयारी ठेवा किंवा उलट दिशेने जा. पण उलट दिशेने तोच रस्ता उतार होतो, आणि ओल्या शेवाळ्यावरचा १५ टक्के उतार हा चढापेक्षा वाईट, हेही लक्षात असू द्या.

मग संगणकावर रस्त्याचे फोटो पाहा. दोनच गोष्टी शोधायच्या. पहिली, मध्ये पांढरी रेघ आखलेली आहे का? असेल तर वाहतूक आहे. दुसरी, मोठा रस्ता कुठे ओलांडावा लागतो? अपघाताची भीती शांत रस्त्यावर कमी आणि शांत रस्ता ‘एन’ला मिळतो त्या तोंडाशी जास्त. दोन्ही बाजूंना निदान दोनशे मीटर दिसेल अशा जागीच मोठा रस्ता ओलांडायचा, मग त्यासाठी तीन किलोमीटर वाढले तरी चालतील.

वेळ धरताना ताशी २० किलोमीटरचा हिशेब विसरा. बोरीनवर वळणं, फाटकं, खड्डे आणि चुकलेले फाटे धरून १४ ते १५ पडतात.

वाऱ्याकडे तोंड करून निघा

आयर्लंडात वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो. म्हणून गोल मार्गाचा नैऋत्येकडे जाणारा भाग आधी, पाय ताजे असताना. परतताना वारा पाठीशी. किनाऱ्यावरच्या गोल मार्गाला दुसराही एक नियम लावावा. इथे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. समुद्र उजव्या हाताला राहील अशी दिशा निवडली, तर तुम्ही डोंगराच्या बाजूला राहता आणि वाऱ्याच्या झोताने हेलकावा बसला तरी हाताशी जागा उरते.

एक मार्ग जवळून: बरनमधला तीस किलोमीटरचा फेरा

क्लेअर परगण्यातलं बरन म्हणजे चुनखडीचं उघडं पठार. पाणी खडकाच्या भेगांतून खाली जातं, त्यामुळे वर नद्या जवळजवळ नाहीतच. डिस्कव्हरी नकाशाची ५१ नंबरची शीट घ्या.

सुरुवात बॅलीव्हॉन गावातून. पाणी आणि खाणं इथेच भरून घ्या. आर ४७७ ने पश्चिमेला निघा. समुद्र उजवीकडे, राखाडी खडकाचे टप्पे डावीकडे. हा रस्ता ब्लॅक हेडच्या टोकाला वळसा घालून दक्षिणेला फॅनोरला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये दहा वाजल्यानंतर इथे बस सुरू होतात, म्हणून आठच्या आत निघून हा तुकडा उरकावा. टोकाला वळताच वारा समोरून लागतो. चढ नसतानाही वेग एकदम पडतो. गिअर उतरवा आणि खाली वाकून बसा, झुंजू नका.

फॅनोरला कॅहर नदीच्या पुलाजवळ डावीकडे आतला रस्ता धरा. बरनच्या पृष्ठभागावर वाहणारी ही जवळपास एकुलती नदी, आणि तिच्या काठाने जाणाऱ्या या खिंडीला स्थानिक लोक चक्क ‘खायबर पास’ म्हणतात. इथून गोंगाट संपतो. रस्ता अरुंद, मध्ये गवत, चढ नदीच्या चालीने सावकाश. वर पोचल्यावर रॅथबॉर्नीच्या खोऱ्याकडे उतार लागतो. ब्रेक वळणाआधी मारा, वळणात नाही, कारण गवताच्या रेघेला लागून बारीक खडी साचलेली असते. चाकाच्या दोन पट्ट्यांपैकी डावा धरा, आणि पट्टा बदलायचाच असेल तर सरळ भागात, गवत थोड्या तिरक्या कोनात ओलांडून. गवताला समांतर राहून हळूहळू सरकलात तर पुढचं चाक घसरतं.

न्यूटाउनच्या गोल बुरुजाजवळ एन ६७ लागतो. तिथून बॅलीव्हॉन दोन-तीन किलोमीटर. याच एन ६७ वर दक्षिणेला ‘कॉर्कस्क्रू हिल’ची प्रसिद्ध वळणं आहेत, फोटो छान येतात, पण सायकलवर बसमागे अडकायला तिथे जाऊ नका.

अंगात जोर शिल्लक असेल तर दुसऱ्या दिवशी बेल हार्बर ते कॅरन हा आतला रस्ता करा. तो अधिक चढाचा आणि अधिक एकाकी आहे. कॅरनजवळ ‘टर्लॉ’ आहे: पावसाळी दिवसांत तळं, कोरड पडली की गुरांचं कुरण.

सायकल

रेसिंगची २५ मि.मी. रुंदीची टायरं इथे नकोत. किमान २८, बरं म्हणजे ३२. सत्तर किलोच्या स्वाराला ३२ च्या टायरमध्ये मागे साधारण ६० आणि पुढे ५५ पीएसआय हवा पुरे. फुगवून दगड केलीत तर खडबडीत डांबरावर मनगटं दुखतात आणि ओल्या जागी पकड जाते. मडगार्ड हवेतच. पश्चिमेकडे काही भागांत वर्षातले सुमारे २२५ दिवस मिलिमीटरभर तरी पाऊस पडतो. तो आपल्या मुसळधारेसारखा नसतो, रिपरिप असतो. पण रस्त्यावरचं शेण आणि चिखल त्यात कालवून पाठीवर उडतं. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या तीन पट्ट्या, पंप, आणि एक छोटा चिमटा. चिमट्याचं कारण पुढे.

काय बिघडतं आणि का

काटे. कायद्याने १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपण छाटायला मनाई आहे, पक्ष्यांच्या विणीसाठी. त्यामुळे सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टरला लावलेली छाटणी-यंत्रं फिरू लागतात आणि रस्ता ब्लॅकथॉर्न-हॉथॉर्नच्या काट्यांनी भरतो. नुकतं छाटलेलं, फिकट कापांचं कुंपण दिसलं की उतरा आणि सायकल उचलून चाला. पंक्चर झालंच तर ट्यूब काढण्याआधी टायरवर व्हॉल्व्हसमोर खडूची खूण करा. ट्यूबमधलं भोक सापडलं की त्याच अंतरावर टायरमध्ये काटा सापडतो. टोक आत मोडून राहिलेलं असतं आणि बोटाला लागत नाही. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवला की तंतू अडकतात. तिथे चिमटा लावा. हे न करता नवी ट्यूब घातली, तर किलोमीटरभरात तीही बसते.

सायलेज, म्हणजे आंबवून साठवायचा ओला चारा. मेअखेर ते जून ओल्या गवताची पहिली कापणी होते, आणि उंच ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पाणंदीची अख्खी रुंदी व्यापून धावतात. आवाज ऐकू आला की पुढच्या शेताच्या फाटकात शिरून थांबा. चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. तो तिथला नमस्कार आहे, उत्तरादाखल तुम्हीही बोट उचला.

खडी. उन्हाळ्यात डांबर शिंपडून वर सुटी खडी पसरतात. ‘लूज चिपिंग्ज’ची पाटी दिसली की वेग निम्मा करा, पुढचा ब्रेक विसरा.

गुरं. बरनमध्ये उलटी रीत आहे: गुरं हिवाळ्यात वर डोंगरावर चरायला नेतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. कळप समोरून आला तर उतरून गडग्याला लागून उभे राहा. मागून गाठलात तर शेतकऱ्याने हाताने खूण करेपर्यंत पुढे घुसू नका. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी जाळ्या असतात, त्या काटकोनात, ब्रेक न लावता, खोगिरावरून किंचित उठून ओलांडा.

शेतावरचा कुत्रा मागे लागला तर पळू नका. थांबा, सायकल मध्ये धरा, आणि जरबेने ‘गो होम’ म्हणा. त्याला ते वाक्य लहानपणापासून ठाऊक असतं.

हे सगळं धरून सगळ्यात बरा काळ एप्रिलअखेर ते मेचा मध्य. छाटणी बंद होऊन दोन महिने झालेले, ट्रॅक्टर अजून निघायचे, आणि बरनच्या खडकांत जेन्शिअनची गडद निळी फुलं आलेली.

जाणं, खाणं, दिवे

आयरिश रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलच्या जागा मोजक्या असतात, तिकिटाबरोबरच आरक्षण करा. बरनसाठी गॉर्ट किंवा एनिस ही स्थानकं सोयीची. वाटेत खाण्याचा भरवसा पेट्रोल पंपावरच्या दुकानावर. गरम चहा मिळतोच. शाकाहारी माणसाला बटाट्याच्या फोडी आणि चीज-सँडविचवर दिवस काढावा लागतो, म्हणून खिशात शेंगदाणा चिक्की असलेली बरी. रविवारी खेड्यातलं दुकान लवकर बंद होतं.

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत सूर्य मावळतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा अंधारात कायद्याने सक्तीचा. झाडांनी झाकलेल्या बोरीनवर दिवसाही लावा. मदतीचा नंबर ११२ किंवा ९९९. आयर्लंडात प्रत्येक पत्त्याला सात अक्षर-आकड्यांचा ‘एअरकोड’ असतो, पण रिकाम्या माळावर तो कुठून मिळणार? तिथे फोनवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडमध्ये गेलात तर पाट्यांवरचे आकडे मैलांचे असतात. सीमेच्या अलीकडेही एखाद्या फाट्यावर जुना काळा-पांढरा खांब उभा असतो, आणि त्यावर आकड्यापुढे ‘किमी’ लिहिलेलं नसेल तर तेही मैलच समजा.