खाडीकाठच्या गच्चीवरचा सागवानी डेक

ऐरोलीची खारी हवा! डेकचे, म्हणजे फळ्यांच्या लाकडी जमिनीचे, साधे स्क्रू गंजून सागवानावर काळे ओघळ आलेले, पावसात फळ्या फुगून उचललेल्या.

दुरुस्ती मुद्दाम डिसेंबरात काढली. कोरड्या थंडीत लाकूड आकसतं, तेव्हा फळ्या खेटून ठोकल्या की पावसाळ्यात त्यांना फुगायला जागाच उरत नाही. म्हणून ६ मिमी फट ठेवायला लावली. "चाव्या पडतील हो खाली," सुतारकाका कुरकुरले. पडू देत!

फळ्यांखालच्या आधाराच्या पट्ट्या गच्चीच्या उताराला आडव्या होत्या, पाणी तुंबायचं. त्या उताराच्या दिशेने फिरवल्या. स्क्रू ३१६ ग्रेड स्टेनलेसचे, म्हणजे खाऱ्या हवेत सहजी न गंजणारे. महाग, पण खाडीकाठी तेच घ्यावेत. कापलेल्या टोकांना अळशीचं तेल भरपूर पाजलं, पाणी तिथूनच जास्त शिरतं. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. मोकळ्यावर पसरून वाळवा.