बाळासाठी चान्स घेताय? मग या चुका टाळा

सोलापुरात स्त्रीरोग ओपीडीत समुपदेशनाचं काम करायला लागून मला सोळा वर्षं झाली. खुर्चीत बसणारं जोडपं रोज नवं असतं, चुका मात्र त्याच. "मॅडम, दोन वर्षं झाली चान्स घ्यायलोय, काय होईना बघा." मी विचारते, पाळी किती दिवसांनी येते? ती नवऱ्याकडे बघते, नवरा छताकडे. "महिन्याला येते की." इथूनच घोळ सुरू होतो.

चौदाव्या दिवसाचा हट्ट

पाळीच्या चौदाव्या दिवशी बीज फुटतं, हे कुठेतरी वाचलेलं किंवा जाऊबाईंनी सांगितलेलं असतं. ते खरं आहे, पण पाळी बरोबर 28 दिवसांनी येणाऱ्या बाईसाठी. बीज फुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. म्हणजे 35 दिवसांचं चक्र असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास, आणि 25 दिवसांचं असेल तर अकराव्या दिवसाच्या जवळपास.

फुटलेलं बीज 12 ते 24 तासच जगतं. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून दिवस राहण्याचा काळ सहाच दिवसांचा असतो: बीज फुटण्याआधीचे पाच आणि फुटण्याचा एक. त्यातही आधीचे दोन-तीन दिवस सगळ्यात मोलाचे. बीज फुटल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

अक्कलकोट रोडकडची एक मुलगी आठवते. नवरा चाकणला कंपनीत. शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने घरी यायचा, सोमवारी सकाळी त्याच गाडीने परत. तिची पाळी 34 ते 36 दिवसांनी यायची. दोघांनी चौदावा दिवस पक्का धरलेला. त्या सुमाराला तो हट्टाने सुट्टी काढून यायचा, आणि सुट्टी खर्च झाली म्हणून पुढचा शनिवार-रविवार कंपनीत ओव्हरटाइम करायचा. खरी वेळ नेमकी त्या पुढच्या शनिवार-रविवारच्या मागेपुढे असायची. दोन वर्षांत या दोघांना योग्य दिवस जवळजवळ मिळालेच नव्हते. तोवर तिच्या दोन सोनोग्राफ्या, गर्भनळ्या तपासायचा एक्स-रे आणि वर्षभराच्या गोळ्या होऊन गेल्या होत्या. तारखा कोणीच विचारल्या नव्हत्या.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या सहा पाळ्यांच्या तारखांना गोल केले आणि दोघांसमोर ठेवलं. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंची समजूत घालायला मला अर्धा तास लागला, पण दर महिन्याला आठ दिवस ती चाकणला नवऱ्याच्या खोलीवर राहायला जाऊ लागली. चौथ्या महिन्यात पाळी चुकली. प्रत्येकाच्या बाबतीत असं सोपं निघतं असं नाही, पण आधी तारखा बघायला पैसे लागत नाहीत.

अ‍ॅपवर मी फार विसंबत नाही. पाळी अनियमित असेल तर अ‍ॅपही अंदाजच करतं. मी बायकांना शरीराकडे बघायला शिकवते. बीज फुटायच्या आधीच्या दिवसांत अंगावरून जाणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि बोटांत ताणला जाणारा होतो. बीज फुटण्याचा अंदाज देणारी लघवीची पट्टी मिळते. तिच्यावर नुसत्या दोन रेषा येणं पुरेसं नाही; तपासणीची रेष शेजारच्या कंट्रोल रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद आली तर साधारण एक-दीड दिवसात बीज फुटतं. पण पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून बीज वेळेवर न फुटण्याचा त्रास, असेल तर ही पट्टी फसवू शकते. आणि ज्यांना हे सगळं किचकट वाटतं त्यांनी पाळी थांबल्यापासून एक दिवसाआड संबंध ठेवावेत, हिशोबच नको. 'साठवून' ठेवल्याने शुक्राणू दमदार होतात, हा गैरसमज आहे. दहा-दहा दिवस थांबल्याने त्यांची हालचाल मंदावते.

फक्त सुनेची तपासणी

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचंही कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीने. तरी फाइल सुनेच्या नावाची, उपास सुनेचे, टोमणेही सुनेलाच.

एका यंत्रमागवाल्यांच्या घरची सून तीन वर्षं फिरत होती. दुर्बिणीतून पोट तपासून झालं होतं. म्हणजे पूर्ण भूल, टाके, सगळं. नवऱ्याची वीर्य तपासणी? "आमच्या पोराला कशाला तपासायलाव? चांगला पैलवानासारखा आहे की," सासूबाई म्हणाल्या. मी त्या मुलाला बाहेरच्या बाकावर एकट्याला गाठलं आणि समजावलं. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. खोदून विचारल्यावर कळलं, जिममध्ये कोणीतरी दंड भरायला इंजेक्शनं देत होतं, टेस्टोस्टेरॉनची. बाहेरून हे हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना संदेश पाठवणं थांबवतो आणि शुक्राणू तयार होणं बंद पडू शकतं. त्याला मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवलं, इंजेक्शनं बंद झाली. दहा महिन्यांनी काउंट परत आला. काहींना याहून जास्त काळ लागतो. त्या मुलीच्या पोटावरचे टाके मात्र कायमचे राहिले.

म्हणून माझी सवय अशी: बाई एकटी आली तर बोलते, पण पुढची तारीख दोघांना मिळूनच देते. वीर्य तपासणी सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखीची, ती आधी. त्यासाठी 2 ते 7 दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख ही खालची मर्यादा. एक रिपोर्ट खराब आला म्हणून खचू नका, काही आठवड्यांनी पुन्हा करा. मागच्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तरी काउंट घसरतो.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मावा, सिगारेट, दारू आज सोडली तर फरक तीन महिन्यांनी दिसेल. पंधरा दिवस मावा सोडून "काय फरक पडंना" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. उष्णतेचंही तसंच. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो. डाईंगच्या बॉयलरजवळ किंवा भट्टीपुढे दिवसभर उभे राहणाऱ्यांनी, त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा, घट्ट जीन्स तरी टाळावी.

बाकीच्या, ज्या रोज बघते

मैत्रिणीला लागू पडलेल्या बीज वाढवायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेऊ नका. सोनोग्राफीने लक्ष न ठेवता त्या घेणं धोक्याचं आहे.

संबंधानंतर उशी घेऊन, पाय वर करून झोपायची गरज नाही. शुक्राणू काही मिनिटांत आत पोचतात. कोरडेपणासाठी तेल, थुंकी किंवा साधं जेल वापरणं मात्र थांबवा, त्याने शुक्राणूंची हालचाल मंदावू शकते.

'मुलगा होण्याचं औषध' कोणी देत असेल तर तिथून उठून या. मुलगा की मुलगी हे शुक्राणूवर ठरतं, ते कोणत्याही पुडीने बदलत नाही. अशा पुड्यांत काय असतं हे देणारा सांगत नाही, आणि भोगतं पोटातलं बाळ.

पीसीओएस असेल आणि वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के वजन कमी झाल्यावरही अनेकींचं बीज फुटू लागतं. सत्तर किलोची बाई असेल तर साडेतीन ते सात किलो. हे ऐकून तोंड पाडणाऱ्या बायका हजारोंची इंजेक्शनं मात्र लगेच घ्यायला तयार होतात, याचं मला वाईट वाटतं.

फोलिक अ‍ॅसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून. पाळी चुकल्यावर नाही.

पूर्वी क्षयरोग झाला असेल तर लपवू नका. आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे.

आणि एक गोष्ट बोलायला कोणी धजत नाही. काही जोडप्यांत वेदनेमुळे किंवा भीतीमुळे संबंध नीट झालेलेच नसतात, आणि घरचे मात्र वर्षानुवर्षं 'राहिलं का' विचारत असतात. त्यावर उपचार आहेत. माझ्यासमोर ही गोष्ट निघावी म्हणून मी आधी घरच्या सगळ्यांना खोलीबाहेर पाठवते.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर बदलणारी मंडळी सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. सगळं ठीक असलेल्या तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता 20 ते 25 टक्केच असते. वर्षभरात शंभरातल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांना दिवस राहतात. तेव्हा बाईचं वय 35 च्या आत असेल तर वर्षभर नीट प्रयत्न करा. 35 च्या पुढे असेल तर सहा महिने. चाळिशी गाठली असेल, पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पाळीत असह्य दुखत असेल किंवा आधी पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर थांबूच नका. येताना जुने सगळे रिपोर्ट आणा, मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून आणा, आणि नवऱ्याला बरोबर आणा.