ब्रश करूनही दात का किडतात? शिकत्या मुलांनी या चुका टाळाव्यात

तोंडातले जिवाणू मारून टाकले की दात सुरक्षित राहतात, ही समजूत बहुतेक चुकांच्या मुळाशी आहे. माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या ७०० हून अधिक जाती आढळल्या आहेत आणि त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी आहेत. त्रास सुरू होतो तो जिवाणू दाताला चिकटून थर धरतात तेव्हा. रात्री ब्रश न करता झोपला असाल, तर सकाळी दाताच्या मुळाशी, हिरडीलगत, नखाने हलकेच खरवडून पाहा. नखावर पांढुरका, सायीसारखा चिकट लेप येईल. हाच प्लाक. डच संशोधक लेव्हेनहूक याने १६८३ साली आपल्या दातांवरच्या अशाच लेपात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जीव पाहिले. व्हिनेगर लावल्यावर थराच्या बाहेरचे जीव मरतात आणि आतले तगून राहतात, हेही पुढे त्याच्याच ध्यानात आले. म्हणूनच ब्रश टाळून नुसत्या माउथवॉशने चूळ भरणे ही पहिली मोठी चूक ठरते. थर आधी घासून मोडावा लागतो.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश प्रभावी आहे, यात शंका नाही. परंतु तो दंतवैद्याने सांगितलेल्या दिवसांपुरताच वापरावा, कारण तो दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चवही बदलते. पेस्टने दात घासल्यावर लगेच तो वापरू नये, कारण पेस्टमधील फेसाच्या द्रव्याने त्याचा परिणाम कमी होतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा.

दुसरी चूक मला अगदी जवळून पाहायला मिळाली. बार्शीहून शिकायला आलेला माझा भाचा सोलापुरात खोली घेऊन राहत होता. ब्रशवर रक्त दिसू लागले, तेव्हा हिरडीला इजा होते आहे असे समजून त्याने तिथे घासणेच सोडले, आणि महिन्याभरात हिरड्या सुजून लाल झाल्या. वास्तविक हे रक्त बहुतेक वेळा हिरडीलगत साचलेल्या थरामुळे येते. डेन्मार्कमध्ये १९६५ साली दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात स्वच्छ करणे थांबवायला सांगितले होते, आणि त्यांत दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थीच बहुसंख्य होते. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला आणि पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. तेव्हा रक्त येते त्याच जागी मऊ ब्रशने, हिरडीकडे थोडा कलता धरून, जोर न लावता घासावे. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर थर कडक होऊन त्याचे कीटण झाले असण्याची शक्यता असते. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. भाच्याचेही तसेच झाले होते. टोकदार वस्तूने किंवा सेफ्टी पिनने ते खरवडण्याचा खटाटोप कोणी करू नये.

कीड लागण्याचे कारण वेगळे आहे. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या जिवाणूचे वर्णन किलियन क्लार्क यांनी १९२४ साली केले; हा आणि त्याच्या जोडीचे इतर जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच थरातील आम्लता वाढते, पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) सुमारे ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या एनॅमलमधील, म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणातील, खनिजे विरघळू लागतात, आणि लाळेला ही आम्लता निवळायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून एकूण साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली, हे अधिक महत्त्वाचे आहे. परीक्षेच्या दिवसांत रात्री दर तासाला गोड चहा आणि सोबत बिस्किटे घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या दातांना सावरायला उसंतच मिळत नाही. आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दातांत अडकते, म्हणून तिलाच दोष देतात. ते कण काढावेत हे खरे, पण खरा अपराधी तो गोड चहा आहे. चहा दोनदाच घ्यावा, जेवणाला जोडून घ्यावा, आणि अधल्यामधल्या वेळी पाणी प्यावे.

झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्रीचा ब्रश सकाळच्या ब्रशपेक्षाही मोलाचा आहे. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, भरून ठेवलेले पाणी जपून वापरावे लागते, म्हणून मुले नेमका तोच चुकवतात. वास्तविक घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा आणि खळखळून चूळ भरूच नये, म्हणजे पेस्टमधील फ्लोराइड दातांवर टिकून राहते. त्याला अर्धा पेलाही पाणी लागत नाही. नळीवर फ्लोराइडचे प्रमाण १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास आहे ना, हे मात्र पाहून घ्यावे. लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंक प्याल्यावर लगेच ब्रश करू नये; आम्लाने मऊ झालेले एनॅमल घासून जाते.

घरातली मोठी माणसे मिशेरी लावतात म्हणून ती मुलांनीही हिरड्यांवर चोळणे ही सर्वांत घातक चूक आहे. मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत, व्यसन मात्र लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

दुखणाऱ्या दाताचे शेवटी सांगतो, कारण त्याबाबत होणारी चूक महागात पडते. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून दोन दिवस घेतात आणि ठणका थांबला की दात बरा झाला असे समजतात. अनेकदा ठणका थांबतो तो दाताच्या आतली नस मेल्यामुळे. मेलेल्या नसेत रक्तपुरवठा नसल्याने गोळी तिथवर पोचत नाही आणि जंतुसंसर्ग मुळाखाली हाडात पसरत राहतो. रूट कॅनाल करून घेणे किंवा दात काढणे, हाच त्यावर उपाय असतो. गालावर किंवा जबड्याखाली सूज, सोबत ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.