गुऱ्हाळाचा ‘ऱ्ह’ मोबाइलवर नीट दिसावा म्हणून

शाहूपुरीतल्या मामांच्या गूळ-दुकानाचं वेबपेज केलं, तेव्हा ‘गुऱ्हाळ’च्या जागी नुसती रोमन अक्षरं उमटली. मजकूर छपाईसाठी वापरायच्या जुन्या डीटीपी फॉन्टातला. त्यात इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप चढवलेलं असतं. फॉन्ट नसला की पितळ उघडं पडतं. म्हणून आधी सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदला आणि स्वतः डोळ्यांखालून घाला. ‘ऱ्ह’साठी खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग ह. साधा र घेतलात तर ‘गुर्हाळ’ होतं, आणि ते मला बघवत नाही.

पानाची एचटीएमएल फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या रूपात, सेव्ह करा, तिच्या हेड या वरच्या भागात सुरुवातीलाच तसं चारसेट (अक्षरं कशी वाचायची ती नोंद) लिहा.

मुक्तासारखा देवनागरी फॉन्ट वॉफ२ या वेबसाठीच्या आटोपशीर रूपात आपल्याच सर्व्हरवर ठेवून सीएसएसमधल्या फॉन्ट-फेस नियमानं पानाला जोडा. फाइलचा आकार कमी करायला नको ती अक्षरं काढून तो छाटताना जोडाक्षरं उडवू नका. युनिकोड-रेंज, म्हणजे हा फॉन्ट कुठल्या क्रमांकांच्या अक्षरांना लावायचा ते, देताना सांभाळा: देवनागरी ०९०० ते ०९७एफ, पण २०१० साली आलेलं ₹ बसतं २०बी९ वर. माझ्याकडून तेच सुटलं होतं. गुळाच्या रव्याच्या (ढेपेच्या) भावापुढं ₹ भलत्याच फॉन्टात, किडमिडं उमटायचं. रेंजमध्ये तो एक आकडा घातला आणि दरपत्रक एका हातानं लिहिल्यासारखं दिसू लागलं.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, मात्र शून्यच ठेवा. वाढवलंत की शिरोरेषा तुटते.