आंब्याच्या पट्टीसाठी स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा

देवगडात एप्रिल-मे म्हणजे पेट्या आणि वाशीच्या बाजारातून येणाऱ्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद. हमाली, गाडीभाडं जाऊन हातात काय उरलं, हे एक्सेलमध्येही कळतं. पण मला भाषा बनवायची खाज होती, म्हणून मी ह्याच हिशेबाची भाषा केली. तुम्हीही असंच एखादं छोटं काम धरा. सगळं काही करणारी भाषा काढायला गेलात तर व्याकरण लिहितानाच दमाल. ल्युआ ही प्रोग्रॅमिंग भाषासुद्धा १९९३ मध्ये ब्राझीलच्या एका विद्यापीठात हाताशी असलेल्या कामांच्या गरजेतूनच जन्मली.

इंटरप्रिटर, म्हणजे ती भाषा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, नंतर. आधी त्या भाषेतले प्रोग्रॅम कागदावर लिहा आणि जो ते वापरणार आहे त्याला वाचायला द्या. माझा पहिला कागद असा होता:

भाव = २५००
पेट्या = १२
हमाली = २०
रक्कम = पेट्या * (भाव - हमाली)
दाखव रक्कम

शेजारच्या काकांनी शेवटच्या ओळीला नाक मुरडलं. "दाखव रक्कम काय गो? रक्कम दाखव म्हण." बरोबरच होतं. पण क्रियापद शेवटी गेलं की पार्सरला, म्हणजे ओळीची रचना ओळखणाऱ्या भागाला, पहिल्या शब्दावरून काहीच कळत नाही: 'रक्कम'नंतर '=' येणार की 'दाखव'? उपाय सोपा आहे. आधी अख्खी राशी (नाव, आकडा किंवा त्यांचं गणित) वाचून घ्यायची, मग पुढचा टोकन, म्हणजे पुढचा शब्द किंवा चिन्ह, बघून ठरवायचं.

आता लेक्सर, म्हणजे ओळीचे टोकन पाडणारा भाग. देवनागरीत खरी मारामारी इथेच. पायथॉन भाषेच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सोयीत, 'शब्दातलं अक्षर' शोधणारा जो तयार नमुना आहे, त्याला 'किंमत' द्या. हातात 'क' आणि 'मत' असे दोन तुकडे येतात, कारण वेलांटी आणि अनुस्वार त्याच्या लेखी अक्षरं नाहीत. म्हणून युनिकोडमधली चिन्हांची वर्गवारी तपासून मात्रा, अनुस्वार आणि हलन्त नावात स्वतः धरून घ्या. दुसरी खोच 'ऱ'ची. तो एकच कोड म्हणून येतो, किंवा 'र' आणि नुक्ता असे दोन मिळूनही येतो. डोळ्यांना 'दऱ्या' एकच दिसतो, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. फाइल वाचल्यावर लगेच एनएफसी नॉर्मलायझेशन करा, म्हणजे अशी अक्षरं एकाच रूपात आणा, हा प्रश्न मिटतो. आकड्यांचं मात्र सुख आहे. पायथॉनला '२५००' थेट पूर्णांकात बदलता येतं.

पार्सर आपोआप बनवून देणारं कुठलंही जनरेटर घेऊ नका, हाताने लिहा. बेरीज-वजाबाकीचं एक फंक्शन, ते गुणाकार-भागाकाराच्या फंक्शनला बोलावतं, ते आकडा, नाव किंवा कंस वाचणाऱ्याला. कंस उघडला की पुन्हा पहिल्याकडे. गुणाकार आधी, हा नियम ह्या उतरंडीतूनच आपोआप पाळला जातो. त्यातून राशीच्या रचनेचं जे झाड तयार होतं, ते फिरत उत्तर काढणं हे एका संध्याकाळचं काम.

प्रत्येक टोकनला ओळीचा नंबर पहिल्यापासून चिकटवा, नंतर घालायला जीवावर येतं. त्यावरच चूक दाखवणारे संदेश उभे राहतात: "ओळ ४: 'हमली' हे नाव माहीत नाही. 'हमाली' म्हणायचंय का?" जवळची नावं शोधायला पायथॉनमध्ये डिफलिब नावाची तयार लायब्ररी आहे. माझ्या मते भाषेची निम्मी किंमत ह्या एका ओळीत असते.

आणि पैसे दशांशात ठेवू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज फ्लोटमध्ये (कॉम्प्युटरच्या दशांश आकड्यांत) नेमकी ०.३ येत नाही. सगळं रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात. मग भागाकाराचा नियमही तुम्हालाच ठरवावा लागतो. तिघांनी मिळून टेम्पो केला, भाडं १००० रुपये: प्रत्येकी ३३३ रुपये ३३ पैसे आणि वर एक पैसा. माझी भाषा तो पैसा यादीतल्या पहिल्या नावावर टाकते आणि तसं छापूनही दाखवते.