ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये (एओ) नवीन असाल तर आधी लूपचा डिले मोजा

एओ म्हणजे हवेमुळे थरथरणारी दुर्बिणीतली प्रतिमा आरशाचा आकार बदलत सतत सुधारणं. शॅक-हार्टमन (प्रकाशलहर किती वाकडी झाली ते मोजणारा सेन्सर), डिफॉर्मेबल मिरर (आकार बदलणारा आरसा) वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते उगाळत नाही. नवीन माणूस ईएलटी या महाकाय दुर्बिणीच्या एम४ आरशाचे ५३५२ ॲक्च्युएटर (आरशाला मागून ढकलणारे भाग) वाचून हरखतो, पण झोप उडवतो तो लूपमधला, म्हणजे सेन्सरने मोजा, आरसा हलवा, परत मोजा या चक्रातला, डिले.

सिम्युलेशनमध्ये बरेचदा एकाच फ्रेमचा (सेन्सरच्या एका मोजणीचा) डिले धरलेला असतो. साधा इंटिग्रेटर (दर फ्रेमला उरलेल्या चुकीचा ठरावीक हिस्सा आरशाच्या कमांडमध्ये मिळवत जाणारा कंट्रोलर) असेल तर तिथे गेन, म्हणजे तो हिस्सा, २ च्या खाली कितीही ठेवा, लूप फुटत नाही, म्हणजे हेलकावे वाढत जात नाहीत. बेंचवर मात्र एक्स्पोजर, रीडआउट, मग स्लोप (प्रकाशलहरीचा जागोजागचा उतार) काढणं, मॅट्रिक्सचा गुणाकार, आरसा हलून स्थिर होणं, हे सगळं धरून सहज दोन फ्रेम जातात आणि मर्यादा थेट १ वर येते. तीन फ्रेम गेल्या की जेमतेम ०.६२. म्हणजे सिम्युलेशनमध्ये मस्त चाललेला ०.७ इथे लूप फोडणार म्हणजे फोडणारच. मी इथेच अडकले, आणि सगळे म्हणाले इंटरॲक्शन मॅट्रिक्स (कुठला ॲक्च्युएटर हलवला की सेन्सरवर काय दिसतं याचा तक्ता) बघ, म्हणून तीच परत परत घेत बसले.

खरं तर रेसिड्युअलचा (सुधारणेनंतर उरलेल्या चुकीचा) स्पेक्ट्रम काढला असता तर लगेच कळलं असतं. डिले दोन फ्रेमचा असेल तर मर्यादेजवळ लूप साधारण ६ फ्रेमला एक हेलकावा खातो, तीनचा असेल तर १० फ्रेमला. १००० हर्ट्झ फ्रेम रेटवर १०० हर्ट्झच्या आसपास टोक दिसलं की मॅट्रिक्सला हात लावू नका, आधी डिले बघा. कसा मोजायचा? एकच ॲक्च्युएटर ढकला, कमांडची वेळ नोंदवा, स्लोप कितव्या फ्रेमला हलतो ते बघा, बास. डेटाशीटवर विसंबू नका.

सीनियरच्या कॉन्फिग फाइलमधून गेन उचलणं हा तर सगळ्यात वाईट शॉर्टकट. आणि डिले न मोजता मशीन लर्निंगवाल्या प्रेडिक्टिव्ह कंट्रोलकडे (पुढची चूक आधीच ओळखून आरसा हलवण्याकडे) पळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, घाला काय घालायचाय तो गोंधळ. गाइड मात्र असा बघा जो तुम्हाला लूप फोडू देईल, फक्त आरशाच्या स्ट्रोकला (तो किती हलू शकतो त्याला) लिमिट लावून.

घाबरू नका हो, यातलं गणित म्हणजे कंट्रोलच्या पहिल्या कोर्सचं, z ची (z-ट्रान्सफॉर्मची) दोन-तीन समीकरणं. पण ते टाळून एओ जमणार नाही, हे स्पष्टच सांगते.

आणि फ्रेम रेट बदललात तर डिले परत मोजा. रीडआउट आणि गणिताला लागणारा वेळ तेवढाच राहिला तर ५०० हर्ट्झवरचा दोन फ्रेमचा डिले १००० वर तीन फ्रेमचा होतो.